डॅबचिकच्या पोटातली ए-बी-सी

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गुरुजींचा प्रश्न आला आहे. त्यांच्या सहावीच्या वर्गातली एक पोरगी विचारते, "सर, ए-बी-सी अशी तीन अक्षरं याच क्रमानं, एकमेकांना चिकटून येतात असा शब्द इंग्रजीत हाये का जी?" गुरुजींनी खिशातला शब्दकोश दोन दिवस चाळला, हाती काही लागलं नाही. शिवाय दुसऱ्या एका पोरानं पुस्ती जोडली, की मराठीत क-ख-ग तरी कुठं सापडते?

आहे गुरुजी, शब्द आहे. डॅबचिक, एक पाणपाखरू. स्पेलिंग फळ्यावर लिहा: डी, ए, बी, सी, एच, आय, सी, के. दुसऱ्या अक्षरापासून मोजत चला.

आधी प्रश्न नीट बांधून घेऊ, कारण अशा शोधात निम्मा घोळ तिथंच होतो. तीन अक्षरं कशीही उलटीपालटी चालत असतील तर कॅब आहे, बॅक आहे, शेकड्यानं मिळतील. क्रम हवा पण मधे दुसरं अक्षर आलं तरी चालेल, असं असेल तर फॅब्रिक घ्या: एफ, ए, बी, मग आर-आय, मग सी. तुमच्या पोरीनं मात्र सगळ्यात अवघड अट घातली, चिकटून. तिला माझ्याकडून शाबासकी सांगा.

शब्दकोशात का नाही सापडला? कोशात शिरायचं दार एकच, शब्दाचं पहिलं अक्षर. मधली अक्षरं धरून आत जाताच येत नाही. कानावर विसंबून तर मुळीच नाही, कारण डॅबचिक ऐकताना सी कुठं ऐकू येतो? तो एचच्या संगतीनं च होऊन बसलेला असतो. मोबाइल असेल तर काम सोपं. इंटरनेटवरच्या काही शब्दकोशांत शोधायच्या चौकटीत आधी तारा, मग ए-बी-सी, मग पुन्हा तारा टाकला की पोटात ती अक्षरं असलेले शब्द समोर येतात. तारा म्हणजे "इथं काहीही असो".

पण मोबाइलविना शोधायची एक युक्ती आहे, आणि मला तीच जास्त आवडते. शब्दाचा सांधा पाहायचा. अशी विचित्र अक्षरजोडी एकसंध शब्दात क्वचित असते, दोन तुकडे जिथं जोडले तिथं ती आपोआप तयार होते. डॅब संपला बीवर, चिक सुरू झाला सीवर. झालं काम.

माझं औषधाचं दुकान आहे. रोवणीच्या दिवसांत हातापायाला खाज सुटलेल्या बाया चिठ्ठी घेऊन येतात, तेव्हा एका गोळीची पट्टी रोज हातात येते: हायड्रॉक्झिझिन. झोप आणणारी गोळी, म्हणून घेऊन धानाच्या बांधीत जाऊ नका असं दर वेळी सांगावं लागतं. तर एक दिवस पट्टी कापता कापता नजर नावावर थांबली. हायड्रॉक्सीच्या शेवटी एक्स-वाय, पुढच्या झिनच्या सुरुवातीला झेड. एक्स-वाय-झेड सलग! तुकडे कुठले, तर हायड्रॉक्सी आणि पिपरॅझिनची शेपटी. पुन्हा सांधाच. इंग्रजी वर्णमालेचं डोकं पाखराच्या पोटात आणि शेपूट खाजेच्या गोळीत, हे कळल्यावर त्या दिवशी दुकानात मी एकटाच हसत होतो.

आर-एस-टी-यू ही चार अक्षरं हवीत? अंडरस्टडी. मुख्य नट आजारी पडला तर त्याची भूमिका करायला तयार ठेवलेला नट. झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांना हा माणूस समजावून सांगायची गरज नाही. अंडर आरवर संपतो, स्टडी एस-टी-यूनं सुरू होतो. जी-एच-आयसाठी वेइंग, म्हणजे वजन करणं. मात्र युक्ती सगळीकडे चालत नाही. कॅनपीमध्ये एन-ओ-पी सलग आहेत, तिथं असा सांधा नाही. त्या शब्दाचं मूळ ग्रीक भाषेत आहे आणि त्याचा संबंध मच्छरदाणीशी आहे, हे जाता जाता.

आता ते पाखरू. डॅबचिक म्हणजे आपली टिबुकली, कुणी पाणडुबी म्हणतात. तुमच्या बाजूला तलाव-बोड्यांची काय कमी? नवेगावबांधला जायचीही गरज नाही, गावाजवळच्या एखाद्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर सकाळी पोरांना न्या. बदकाहून बरीच लहान, गोल, शेपूट जवळजवळ नाहीच. विणीच्या काळात गाल-मान तांबूस आणि चोचीच्या मुळाशी फिकट पिवळा ठिपका. तुम्ही बोट दाखवेपर्यंत गडप होते आणि भलतीकडेच डोकं काढते. पाणवनस्पतींचं तरंगतं घरटं करते, उठून जाताना अंड्यांवर ओला पाला ओढते.

तिचं इंग्रजी नाव सोळाव्या शतकात डॅपचिक, डॉपचिक असंही लिहीत. त्यातला पहिला तुकडा डिप आणि डीप या शब्दांच्या नात्यातला असावा, असं कोशकार मानतात. म्हणजे अर्थ पाणडुबीच. पीचा बी झाला म्हणून ए-बी-सी जुळली, नाहीतर तुमच्या पोरीला मी आज दुसरंच काही शोधून द्यायला बसलो असतो.

राहिलं मराठी. आपल्याकडे दोन सलग व्यंजनांचे शब्द पुष्कळ: धन, लव, वश, सह. आणि खग! ख म्हणजे आकाश, ग म्हणजे जाणारा, म्हणून खग म्हणजे पक्षी. इंग्रजीची सलग अक्षरं पाखरात सापडावीत आणि मराठीचीही पाखरातच, हा निव्वळ योगायोग, पण गोड. एकाच शब्दात क-ख-ग मागाल तर माझे हात वर. सांध्यावर मात्र मिळते. "भात थंड" म्हटलं की त-थ येते, "साप फणा काढतो" म्हटलं की प-फ.

त्या पोराला फळ्यावर लिहायला सांगा: एक खग बोडीत बुडाला. मग पहिल्या दोन शब्दांमधली मोकळी जागा पुसायला सांगा.