अमेरिकी लष्करातला मॅकआर्थर लीडरशिप अवॉर्ड कशासाठी मिळतो? ते शौर्यपदक आहे का?

नाही, शौर्यपदक नाही. गणवेशावर लावायचं पदकसुद्धा नाही. विजेत्याला मिळतो तो दुसऱ्या महायुद्धातला गाजलेला अमेरिकी सेनापती जनरल डग्लस मॅकआर्थर याचा ब्राँझचा अर्धपुतळा, आणि तो दिला जातो पेंटागॉनमध्ये. तुम्ही विचारलंय की एका कॅप्टनला हा पुरस्कार मिळाल्याची बातमी वाचली, पण त्याने कोणत्या लढाईत काय केलं याचा त्यात उल्लेखच नव्हता, असं का? कारण हा पुरस्कार एखाद्या लढाईसाठी किंवा एका दिवसाच्या पराक्रमासाठी नसतोच.

हा पुरस्कार १९८७ साली सुरू झाला. जनरल डग्लस मॅकआर्थर फाउंडेशन आणि अमेरिकी लष्कर तो मिळून देतात. पात्र असतात ते सेकंड लेफ्टनंट, फर्स्ट लेफ्टनंट, कॅप्टन आणि वॉरंट ऑफिसरांच्या (तांत्रिक कामांत तरबेज अधिकाऱ्यांच्या) पहिल्या दोन श्रेणी. मेजर झालात की संपलं. नियमित फौज, आणि नॅशनल गार्ड व आर्मी रिझर्व्ह ही बहुतांशी अर्धवेळ सैनिकांची राखीव दलं, या तिन्हींमधून नावं येतात. अलीकडच्या वर्षांत एकेका वर्षी साधारण २८ जणांची निवड झालेली दिसते.

आता हे कनिष्ठ अधिकारी करतात काय, ते पाहिलं की पुरस्कार कळतो. आपल्याकडे कंपनीची कमान सहसा मेजरकडे असते. अमेरिकेत ती कॅप्टनकडे असते. म्हणजे तिशीच्या आतबाहेरचा माणूस आणि त्याच्या हाताखाली शंभर ते दोनशे सैनिक. कंपनीच्या गाड्या, शस्त्रं, रेडिओ, अंधारात पाहायच्या दुर्बिणी, सगळं त्याच्या सहीवर. कमान हातात घेताना एकेक वस्तू मोजून घ्यायची. पुढे काही हरवलं तर चौकशीत पहिलं नाव त्याचं. सैनिकाने गैरवर्तन केलं तर कोर्टमार्शलपर्यंत न जाता ठरावीक मर्यादेत शिक्षा देण्याचा अधिकारही त्याच्याकडे असतो. एखाद्याचा घटस्फोट, दुसऱ्याचं कर्ज, तिसऱ्याची दारू, हेही शेवटी त्याच्याच टेबलावर येतं.

लेफ्टनंटची गोष्ट याहून अवघड, असं मला वाटतं. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी तीस-चाळीस जणांच्या प्लाटूनवर येते, आणि शेजारी उभा असतो तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षं जास्त नोकरी झालेला प्लाटून सार्जंट. हुकूम द्यायचा तिने, पण काम कसं होतं हे ठाऊक त्याला. त्याचं ऐकायचं किती आणि ‘नाही, हे असंच होणार’ म्हणायचं कधी, याचा अंदाज पुस्तकातून येत नाही. ज्याला तो आला त्याची बातमी होत नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलेलंच नसतं. या पुरस्काराला युद्धातली कामगिरी हवीच अशी अट नाही, ती त्यामुळेच.

नावाबद्दल मात्र एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९१४ साली मॅकआर्थर स्वतः कॅप्टन होता. मेक्सिकोतलं व्हेराक्रूझ तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं, आणि फौजेला पुढे सरकायचं तर रेल्वेची इंजिनं हवी होती. पठ्ठ्या काही स्थानिक रेल्वे कामगारांना हाताशी धरून रात्री शत्रूच्या मुलखात शिरला, इंजिनं शोधली आणि गोळीबारातून परत आला. मेडल ऑफ ऑनर या अमेरिकेच्या सर्वोच्च शौर्यपदकासाठी त्याची शिफारस झाली. मंडळाने ती नाकारली, कारण ही मोहीम तिथल्या कमांडरला न कळवता केलेली होती. पदक दिलं तर इतर अधिकारीही असंच करतील, ही भीती. म्हणजे कॅप्टन मॅकआर्थरचं सर्वांत गाजलेलं धाडस त्याच्याच नावाच्या पुरस्काराच्या चौकटीत धड बसत नाही: सोबत स्वतःची तुकडी नाही, वरिष्ठांना पत्ता नाही. (पुढे १९५१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी त्याला कोरियातल्या कमानीवरून काढलं, तेही वरिष्ठांशी जाहीर मतभेदावरूनच. माणूस बदलला नव्हता.)

त्याचे वडील आर्थर मॅकआर्थर मला या पुरस्काराला जास्त जवळचे वाटतात. १८६३ मध्ये अमेरिकी यादवी युद्धात मिशनरी रिजच्या चढणीवर, अठरा वर्षांचा हा लेफ्टनंट रेजिमेंटचा झेंडा घेऊन वर चढला आणि रेजिमेंट त्याच्या मागे चढली. त्यांना मेडल ऑफ ऑनर मिळालं ते १८९० मध्ये. मुलाला ते मिळालं १९४२ मध्ये, फिलिपिन्सच्या बचावासाठी.

तरी पुरस्काराला नाव मुलाचं, आणि तेही समजण्यासारखं आहे. कर्तव्य, सन्मान, देश हे वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीचं ब्रीद. १२ मे १९६२ रोजी तिथल्या कॅडेटांसमोर म्हाताऱ्या मॅकआर्थरने त्यावर केलेलं भाषण अमेरिकी लष्करात आजही सांगितलं जातं. पुरस्कारासाठी निकष म्हणून धरले जातात ते हेच तीन शब्द.

तुम्हाला या विषयात रस असेल तर मरीन कोअरची (अमेरिकेच्या सागरी सैन्यदलाची) लेफ्टविच ट्रॉफीही पाहा. ती अधिक अरुंद आहे: जमिनीवर लढणाऱ्या तुकड्यांमधल्या कॅप्टनसाठी, वर्षाला एक. विल्यम लेफ्टविच हा लेफ्टनंट कर्नल, रेकॉनिसन्स म्हणजे टेहळणी बटालियनचा कमांडर. नोव्हेंबर १९७० मध्ये व्हिएतनाममध्ये आपल्या अडकलेल्या टेहळणी पथकाला बाहेर काढताना त्याचं हेलिकॉप्टर कोसळलं. बटालियनच्या कमांडरने अशा उड्डाणावर स्वतः जायलाच हवं असं नव्हतं, पण तो गेला होता.