बाराच्या ठोक्याला गाडी थांबव

प्रिय पोरी,

फ्रान्सच्या सहलीसाठी केलेली तुझी यादी मिळाली. एवढी हॉटेलं, प्रत्येकापुढे तारे, वर ताटांचे फोटो. मेहनत घेतली आहेस, पण ती यादी आता बाजूला ठेव. फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत नीट जेवायचं तर कुठे जेवायचं हे नंतर, आधी किती वाजता ते ठरवायचं.

मी मध्य फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ शहरात नोकरीला होते, तेव्हाची गोष्ट. रविवारी डोंगरात भटकून आम्ही एका गावात सव्वादोनला पोचलो. खानावळीत माणसं होती, पण ती कॉफी पीत होती. मालकीणबाई हसून म्हणाल्या, स्वयंपाकघर बंद झालं. अंडं तरी तळून द्याल का, हेही विचारून झालं. नाही म्हणजे नाही. रात्रीची चूल साडेसातला पेटणार होती, तोवर पेट्रोल पंपावरचे वेफर्स. तिथे दुपारचं जेवण बारा ते दीड, फार तर दोन. म्हणून साडेअकराला गाव गाठायचं आणि बाराला टेबलावर बसायचं.

खानावळ निवडताना दारातल्या गाड्या बघ. पांढऱ्या व्हॅन उभ्या असतील, आत धुळीच्या बुटांतले गवंडी आणि प्लंबर असतील, तर डोळे मिटून आत शिर. फळ्यावर खडूने दिवसाचं जेवण लिहिलेलं असतं. आधी काहीतरी हलकं, मग मुख्य पदार्थ, मग चीज किंवा गोड. साधारण १५ ते २० युरोंत पोट भरतं. हायवे सोडून जुन्या रस्त्याने गेलीस तर ‘ले रूतिये’ची लाल-निळी गोल पाटी दिसेल. ट्रकवाल्यांच्या खानावळींचं हे जाळं १९३४ पासूनचं. तिथे पहिला पदार्थ बहुधा आपला आपण वाढून घ्यायचा असतो. त्यात किसलेल्या गाजराची कोशिंबीर हमखास, फक्त फोडणी नाही.

दारात शिरताना आधी ‘बाँझूर’, म्हणजे नमस्कार, म्हण. न बोलता थेट टेबल गाठणं तिथे उद्धटपणाचं. ‘मेन्यू’ म्हणजे ठरावीक थाळी, पदार्थांच्या यादीला ‘कार्त’ म्हणतात, आणि ‘आँत्रे’ हा पहिला पदार्थ. मी ‘आँत्रे’लाच मुख्य जेवण समजून चक्क अर्धपोटी उठले होते. पाणी मागताना ‘काराफ दो’ म्हण, नळाचं पाणी फुकट मिळतं. पावाचेही पैसे नसतात. बिल मागितल्याशिवाय कुणी आणून देणार नाही. विसरलेत असं समजून चिडू नकोस.

तुमचा रस्ता ओव्हेर्न्य या मध्य फ्रान्समधल्या डोंगराळ प्रदेशातून जातोय, म्हणून अलिगोबद्दल दोन शब्द जास्त. ओब्राकच्या पठारावरचा हा पदार्थ. उकडून कुस्करलेल्या बटाट्यात लसूण, लोणी, साय आणि ‘तोम फ्रेश’ नावाचं न मुरवलेलं चीज घालून लाकडी उलथन्याने घोटतात. घोटणाऱ्याचा खांदा भरून येतो. आपण पाकाची तार बघतो तशी याचीही बघतात, पण ही तार हातभर लांब. वाढणारा उलथनं डोक्याच्या वर नेतो तरी ती तुटत नाही. लगेच खायचं, निवलं की रबर होतं. सोबत सॉसेज देतात, पण तुमच्यातल्या शाकाहारी मैत्रिणीला नुसता अलिगो मागता येईल.

तिला मात्र सावध कर. ‘मांस नको’ एवढ्याने भागत नाही. सॅलडमध्ये ‘लार्दों’ म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे सर्रास असतात, आणि कित्येकांच्या लेखी ती नुसती चव असते. ल प्युई शहराच्या परिसरातली हिरवी मसूर बघून ती खूष होईल. ज्वालामुखीच्या मातीतलं हे पीक, १९९६ पासून सरकारी नामसंरक्षण मिळालेलं, म्हणजे दुसरीकडच्या मसुरीला हे नाव लावता येत नाही. पण शिजवताना त्यातही बहुतेक वेळा हेच तुकडे पडतात. ‘सां लार्दों’, म्हणजे लार्दों नकोत, हे आधीच सांगावं.

बाजाराचा दिवस सापडला तर खानावळ सोडून द्या. सकाळी पाव, फळं आणि सँ-नेक्तेर चीज घ्या. त्याच्या सालीवरचा हिरवा शिक्का लंबगोल असेल तर ते शेतावर बनलेलं, चौकोनी असेल तर डेअरीतलं. मी लंबगोलवाली. साडेबाराला बाजार उठतो, तेव्हा लोळत बसू नका.

राहिला सोमवार. रविवारी रात्री आणि सोमवारी निम्म्याहून अधिक गाव बंद भासेल. त्या दोन रात्री ‘ताब्ल दोत’ असलेल्या घरी खोली घ्या. यजमानांच्याच टेबलावर सगळ्यांनी बसायचं, त्यांनी केलं असेल ते खायचं. मात्र जेवणाचं आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागतं, मैत्रिणीच्या शाकाहाराचंही तेव्हाच. ती दोन घरं आजच शोध आणि मला कळव.

तुझी,
मावशी