नीट झाली, एमबीबीएस हुकतंय. पशुवैद्यकीयचं काय करायचं?

तुम्ही विचारलंय की मुलीने नीट, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षा, दिली, एमबीबीएसला नंबर लागणार नाही असं दिसतंय, मग बीव्हीएस्सी, म्हणजे पशुवैद्यकाची पदवी, करावी की वर्षभर थांबून पुन्हा नीट द्यावी, आणि बीव्हीएस्सीला किती मार्कांना नंबर लागतो. गुरांच्या दवाखान्यात माझी अठरा वर्षं गेली. दोन वर्षांपूर्वी भाचीच्या प्रवेशाची सगळी धावपळही मीच केली, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी मार्कांचं. 'अमुक मार्कांना लागतो' असं कुणी सांगितलं तर पहिलं विचारा, कुठल्या वर्षी? २०२४च्या पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ला देशात पहिल्या आलेल्याला ६८६. पेपर अवघड निघाला की तेच मार्क कितीतरी वरच्या रँकला जातात. म्हणून मार्क बाजूला ठेवा आणि ऑल इंडिया रँक धरा. गेल्या वर्षी तुमच्या प्रवर्गात शेवटच्या फेरीत शेवटचा प्रवेश कितव्या रँकला झाला, ते निवड याद्यांमध्ये सापडतं. पहिल्या फेरीची यादी बघून धीर सोडू नका. तिच्यात एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस अशा सगळीकडे अर्ज केलेली मुलं असतात. तिकडे नंबर लागला की ती इकडची जागा सोडतात आणि यादी खाली सरकते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच दरवर्षी मुलं फसतात. नीट ही नुसती परीक्षा आहे. नीट दिली म्हणजे पशुवैद्यकीयसाठी अर्ज झाला, असं नाही. एमबीबीएसच्या प्रवेशप्रक्रियेत नाव घातलं तरीही नाही. इथे दोन वेगळी दारं आहेत आणि दोन वेगळे अर्ज. देशभरातल्या मान्यताप्राप्त कॉलेजांतल्या १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद, म्हणजे व्हीसीआय, भरते. महाराष्ट्रातल्या राज्याच्या जागा नागपूरचं महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, आपलं माफसू, भरतं. भाचीच्या मैत्रिणीची रँक भाचीपेक्षा चांगली होती. तिचे वडील मेडिकलच्याच याद्या बघत बसले, 'त्यातच व्हेटरनरी पण येईल' म्हणून. माफसूची मुदत संपल्यावर मला फोन आला. तेव्हा मी तरी काय करणार?

कागदपत्रांत जात वैधता आणि नॉन-क्रीमी लेयर यांच्या मागे आत्ताच लागा, निकालानंतर नको. ओबीसी असाल तर व्हीसीआयच्या कोट्यासाठी दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही. एसईबीसी, म्हणजे मराठा आरक्षणाचा, हा प्रवर्ग फक्त राज्यापुरता आहे. आणि बारावीची अट बघताना लक्षात ठेवा, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीबरोबर इंग्रजीही धरतात.

कॉलेजांचं म्हणाल तर मुंबईत परळचं १८८६चं, सगळ्यात जुनं. नागपूरचं १९५८चं. मग परभणी, उदगीर आणि शिरवळ. ही पाचही माफसूचीच, अभ्यासक्रमही एकच, पण रोज हाताखालून जाणारी जनावरं वेगळी. परळला बाई साकरबाई पेटिट प्राणी रुग्णालय त्याच आवारात आहे, त्यामुळे कुत्र्या-मांजरांच्या केसेस भरपूर. उदगीर म्हणजे देवणी गाईचा मुलूख. मुलीला पुढे शहरात पाळीव प्राण्यांचा दवाखाना टाकायचा आहे की दुभत्या जनावरांत काम करायचंय, त्यावरून पसंतीक्रम लावा. मुंबई आहे म्हणून पहिली लिहू नका. परराज्यात खासगी कॉलेजात पैसे भरून जागा मिळते असं कुणी सांगायला आलं, तर एकच गोष्ट तपासा: तिथली पदवी १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे का. नसेल तर नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय व्यवसाय करता येत नाही.

थांबावं का? माझं सरळ मत आहे. मुलीच्या मनात एमबीबीएसच असेल आणि फिजिक्स थोडक्यात मार खात असेल, तर एक वर्ष थांबायला हरकत नाही. ७२० पैकी ३६० मार्क बायोलॉजीचे असतात, पण तिथे सगळेच बरे असतात, रँक फिजिक्स फिरवतं. मात्र 'सध्या व्हेटरनरी घेऊ, अभ्यास करत करत पुन्हा नीट देऊ' हे करू नका. पहिल्याच वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि पशुधन उत्पादन अंगावर येतात. ७५ टक्के हजेरी लागते. दोन्हीकडून हात धुवून बसलेली मुलं मी पाहिली आहेत. पूर्ण कोर्स इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा आहे.

त्याआधी एक करा. मुलीला आठवडाभर जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात बसू द्या. डॉक्टरांना विचारून फिरतीवरही पाठवा. खांद्यापर्यंत हातमोजा घालून गाभण तपासणी कशी करतात, जार (वार) अडकलेल्या म्हशीचा वास कसा असतो, ते तिने बघायला हवं. भाची दुसऱ्या दिवशी जेवली नव्हती, तिसऱ्या दिवशी स्वतःहून गमबूट मागितले.

'मुलगी आहे, जमेल का?' हे तुम्ही लिहिलं नाही, पण अर्धे पालक तेच विचारतात. माझी उंची पाच फूट एक इंच आहे. गाय अडली आणि वासराचा पाय मागे मुडपलेला असला तर ओढून उपयोग नसतो. दोन कळांच्या मध्ये वासरू आत ढकलायचं, खूर तळहातात झाकून पाय पुढे घ्यायचा, दोरी लावायची, आणि मग ओढायला घरचे चार गडी असतातच. कष्ट आहेत, रात्री-अपरात्रीचे फोन आहेत, लाथाही बसतात. रेबीजची लस आधीच घेऊन ठेवावी लागते.

नोकरीची काळजी मी कमी करेन. एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी होता येतं, बँकांत कृषी अधिकारी, सैन्यात रिमाउंट व्हेटरनरी कोअर, पुढे एमव्हीएस्सी ही पदव्युत्तर पदवी, नाहीतर स्वतःचा दवाखाना. सरकारी भरती कधी निघेल याचा मात्र भरवसा धरू नका. माझ्या बॅचमधले चार जण वाट बघत खासगी व्यवसायात उतरले आणि आता परत येत नाहीत.

मुलीची ऑल इंडिया रँक आणि प्रवर्ग सांगा. गेल्या वर्षीच्या शेवटच्या फेरीशी ताडून बघते.