फ्युजनची गोळी : गोल की अंड्यासारखी?

प्रश्न : लेझर फ्युजनच्या बातम्यांत हल्ली टार्गेटचं डिझाइन एआय करतं असं वाचते. पण फिजिक्सची समीकरणं तर माहीतच आहेत ना? मग सरळ सिम्युलेशन करायचं, मशीन लर्निंग मध्ये कशाला? – एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : समीकरणं माहीत आहेत हो, पण सोडवायला वेळ किती जातो ते बघा. कॅलिफोर्नियात लॉरेन्स लिव्हरमोर लॅबच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत 192 लेझर साधारण सेंटिमीटरभर लांबीच्या धातूच्या नळकांड्यात मारतात, त्याच्या भिंतींतून एक्स-रे निघतात आणि ते मधल्या दोनेक मिलिमीटरच्या गोळीला, म्हणजे टार्गेटला, चिरडतात, इतकं की आतले अणू एकमेकांत जुळतात (हेच फ्युजन) आणि ऊर्जा निघते. कवच कृत्रिम हिऱ्याचं, आत ड्युटेरियम-ट्रिशियमचा, म्हणजे हायड्रोजनच्या दोन जड प्रकारांचा, गोठवलेला थर. आता कवच किती जाड ठेवायचं, बर्फ किती, लेझरची पल्स कधी चढवायची, एक बदललं की बाकीचं सगळं हलतं, आणि नीट केलेलं एकेक सिम्युलेशन सुपरकॉम्प्युटरलासुद्धा जड जातं. सगळी कॉम्बिनेशन्स तपासायला जन्म पुरणार नाही.

म्हणून मग हजारो सिम्युलेशन्स एकदाच चालवून ठेवतात आणि त्यावर मशीन लर्निंगचं मॉडेल ट्रेन करतात, ते नव्या डिझाइनचा अंदाज क्षणात देतं. यातली माझी आवडती गोष्ट 2017ची. लिव्हरमोरच्या लोकांनी ट्रिनिटी सुपरकॉम्प्युटरवर सुमारे 60,000 सिम्युलेशन्स केली, आणि मॉडेल म्हणालं की गोळी अगदी गोल न दबता जरा अंड्यासारखी दबली तर बारीकसारीक गडबडी जास्त सहन करते. गोल तेच उत्तम हे इतकी वर्षं सगळे धरूनच चालले होते! मग मूळ सिम्युलेशनच्या कोडमध्ये घालून बघितलं तेव्हा कारण सापडलं, तशा आकारात आत एक शिस्तशीर प्रवाह तयार होतो आणि तो गोळीला सांभाळून घेतो. म्हणजे मॉडेलने जागा दाखवली, फिजिक्स माणसांनीच शोधलं.

दुसरी भानगड अशी की सिम्युलेशनच मुळात खऱ्या शॉटशी, म्हणजे लेझर मारून केलेल्या प्रयोगाशी, तंतोतंत जुळत नाही. अमेरिकेतच रोचेस्टरला ओमेगा नावाचा 60 किरणांचा लेझर आहे, तिथे आधीच्या शॉट्सचा डेटा वापरून सिम्युलेशनचे अंदाज दुरुस्त केले, त्यावरून डिझाइन बदललं आणि फ्युजनचं उत्पादन तिप्पट झालं, 2019मध्ये हे छापून आलं. लिव्हरमोरमध्येही तसंच, खऱ्या शॉट्सवर घासूनपुसून घेतलेल्या न्यूरल नेटवर्कने 5 डिसेंबर 2022च्या शॉटआधीच इग्निशनची, म्हणजे लेझरने दिलेल्यापेक्षा जास्त ऊर्जा फ्युजनमधून निघण्याची, शक्यता 70 टक्क्यांपेक्षा जास्त सांगितली होती. झालंही तसंच, 2.05 मेगाज्यूल लेझरची ऊर्जा आत, 3.15 बाहेर. (ते लेझर पेटवायला ग्रिडमधून 300च्या आसपास मेगाज्यूल लागतात, हे बातम्यांत जरा हळू आवाजात सांगतात.)

पण डिझाइन कितीही भारी असलं तरी गोळी तशी बनायला हवी ना. ऑगस्ट 2021मध्ये 1.35 मेगाज्यूल मिळाले, नंतर तोच शॉट पुन्हा करायला गेले तर आकडा बराच खाली आला. कवचातल्या बारीक खड्ड्यांनी आणि पोकळ्यांनी घात केला होता, आणि तिथे गोळी बनवणाऱ्यांनाच मेहनत घ्यावी लागते.