धातूचे छोटे सैनिक रंगवताना रंग सुटतो आणि आकृती सपाट दिसते, काय करावं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. २८ मि.मी.च्या धातूच्या मावळ्यांवरचा रंग नुसत्या हाताळण्याने सुटतो, आणि जो टिकतो तोही खेळाच्या टेबलावर सपाट, मेलेला दिसतो. पहिलीचं उत्तर थोडक्यात देतो. दुसरीवर जास्त बोलणार आहे, कारण या छंदातला सगळा जीव तिथे आहे. मी साताऱ्यात राहतो, तेव्हा हवापाण्याबद्दल जे सांगेन ते इथलं.

रंग सुटतो तो खालची तयारी कच्ची राहिल्याने. या आकृत्या रबराच्या दोन भागांच्या साच्यात ओततात. साच्यातली पावडर आणि आपल्या बोटांचं तेल धातूवर राहतं, आणि दोन भाग जुळतात तिथे बारीक शिवण उठते. ती शिवण बारीक कानशीने घासून काढा. मग कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन आकृती धुवा आणि पूर्ण वाळू द्या. हल्लीचा पांढरा धातू बहुतेक कथलाचा असतो, पण जुन्या आकृत्यांत शिसं भरपूर असायचं. म्हणून कानस चालवताना खाली कागद पसरा, भुकटी ओल्या फडक्याने पुसा, हात धुवा, मुलांना लांब ठेवा आणि ब्रशला टोक आणायला तो तोंडात घालायची सवय लावून घेऊ नका.

गुळगुळीत धातूला अ‍ॅक्रिलिक रंग थेट धरत नाही, प्रायमर, म्हणजे रंगाला पकड देणारा पहिला थर, लागतोच. टू-व्हीलरच्या रंगाच्या दुकानातला राखाडी प्रायमरचा स्प्रे चालतो. साधारण फूटभर अंतरावरून, हात चालता ठेवून, तुटक फवारे द्या, आणि मग एक दिवस आकृतीला हात लावू नका. मात्र जून ते सप्टेंबर स्प्रे बाहेर काढूच नका. साताऱ्याजवळच्या यवतेश्वराच्या डोंगरावरून ढग खाली उतरले की हवेत एवढी ओल असते की फवाऱ्यातला द्रव उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प धरतं आणि थर दुधाळ होतो. पावसाळ्यात ब्रशने लावायचा प्रायमर घ्या.

आता सपाटपणा. २८ मि.मी. हे माप बहुधा तळव्यापासून डोळ्यांपर्यंत धरतात, म्हणजे माणूस साधारण साठ पटींनी लहान झाला. उन्हात उभ्या माणसाच्या पागोट्याच्या काठाखाली, काखेत, शेल्याच्या घड्यांत चांगली गडद सावली पडते. आकृतीवर तीच घडी अर्ध्या मिलिमीटरची. खोलीतल्या दिव्याने तिथे पडणारी सावली दोन-तीन फुटांवरून डोळ्याला कळतच नाही. म्हणून इतक्या लहान आकृतीवर ऊन-सावली आपण रंगवून द्यायची असते. हे एकदा पटलं की पुढची प्रत्येक कृती कशासाठी करतोय ते आपोआप समजतं.

प्रायमरनंतर आकृती सगळीकडून काळी करा आणि मग फक्त वरून, तिरक्या हाताने, पांढरा फवारा द्या. ऊन कुठून येतंय हे आकृतीवर लगेच दिसतं. त्यावर रंगाचे पातळ हात द्या. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर केव्हाही चांगले, जाड रंगात नाकडोळे बुजतात. कॅनव्हाससाठीचा ट्यूबमधला अ‍ॅक्रिलिक फार दाट असतो. नुसत्या पाण्याने खूप पातळ केला तर त्याची पकड जाते, म्हणून थोडं अ‍ॅक्रिलिक मीडियम, म्हणजे बिनरंगाचं माध्यम, मिसळा. परवडत असेल तर मॉडेलसाठीचे ड्रॉपरच्या बाटलीतले रंग घ्या, त्यांतलं रंगद्रव्य बारीक दळलेलं असतं. डब्याच्या झाकणात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, आणि रंग त्या कागदावर काढा, म्हणजे मे महिन्यातही तो चटकन वाळत नाही. ब्रश १ नंबरचा, टोकदार. तीन शून्यांचा ब्रश घेऊ नका, त्यात रंग मावत नाही आणि टोकावर वाळून जातो.

मावळ्यांचे कपडे बहुतेक जण शुभ्र पांढरे रंगवतात आणि तिथेच आकृती हातची जाते, कारण पांढऱ्याच्या वर उजळ करायला काही उरत नाही. न रंगवलेल्या सुती कापडाचा रंग मळकट पिवळसर असतो. खाली खाकी-राखाडी हात, त्यावर घड्या सोडून सायीसारखा रंग, आणि निखळ पांढरा फक्त खांद्यावर, गुडघ्यावर, पागोट्याच्या वरच्या पिळावर. भगव्याला उजळ करताना पांढरा मिसळलात तर तो फिका, दुधाळ होतो. पिवळा मिसळा, सावलीला तांबूस तपकिरी घ्या. अंगरखा आणि शेला जिथे भेटतात तिथे काळपट बारीक रेघ ओढा, लांबून दोन कपडे वेगळे दिसतात ते तिच्यामुळे. डोळ्यांच्या बुबुळांचा हट्ट सोडा. खोबणीत गडद सावली आणि नाक, गाल, कपाळ उजळ, एवढ्याने चेहरा बोलतो.

सवड काढून सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्री भवानी संग्रहालयात जाऊन या. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमवलेली राजा रविवर्म्याची मूळ चित्रं तिथे आहेत. साडीचा एकच रंग घ्या आणि त्याच्या घड्यांत किती छटा वापरल्यात ते जवळून पाहा. मला कापड रंगवण्याबद्दल दुसऱ्या कशातूनही इतकं कळलेलं नाही.

मराठा स्वारांना सरसकट गणवेश नव्हता, त्यामुळे दहा स्वार एकाच रंगाचे करू नका. नीळ, मंजिष्ठेचा लाल, हळदी पिवळा असे रंग घ्या आणि थोडे विटके ठेवा. घोड्यांतही विविधता आणा: कुमैत (तांबूस, काळ्या आयाळीचा), सब्जा (पांढरट राखाडी), एखादा पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा). पाकिटात उंच, धिप्पाड घोडे आले असतील तर ते बदलाच. भीमथडीची, म्हणजे भीमा नदीकाठची, घोडी बुटकी आणि काटक होती, आणि मराठ्यांची चपळाई तिच्या पायांत होती.

तळाच्या जमिनीचाही विचार करा. प्रतापगडची लढाई १० नोव्हेंबर १६५९ची, जावळीच्या रानातली. तिथली माती तांबडी, झाडी गर्द, गवत पिवळं पडू लागलेलं. फेव्हिकॉलवर चाळलेली माती टाका, वाळली की गडद तांबूस पातळ रंग सोडा आणि कोरड्या ब्रशने वरचे खडे उजळा. तुमच्या पाकिटात ऑर्क, म्हणजे कल्पित कथांतले हिरवे राक्षस, असतील तर त्यांनाही हेच सगळं लागू आहे. फक्त हिरव्या कातडीच्या सावलीत काळ्याऐवजी लालसर तपकिरी वापरून बघा, कातडी जिवंत वाटते.

शेवटी वार्निश. खेळात आकृत्या सतत उचलल्या जातात आणि तलवारीचं टोक, पागोट्याचा माथा आधी झिजतो. आधी चकचकीत वार्निशचा हात द्या, तो टणक असतो, आणि पूर्ण वाळल्यावर चमक मारायला मॅट द्या. मॅटचा स्प्रे ओल्या हवेत हमखास पांढरा पडतो, तेव्हा पावसाळ्यात रंगवलेले मावळे चकचकीतच राहू द्या आणि मॅटचा हात दिवाळीनंतर, कोरडी हवा सुरू झाल्यावर द्या.