वाचकांचे प्रश्न : मधुमेह शिक्षकांचा गट कसा उभा करावा?

प्रश्न : मी एका रुग्णालयात मधुमेह शिक्षक म्हणून काम करते. इन्सुलिन कसे टोचावे, ग्लुकोमीटर कसा वापरावा, शुगर एकाएकी उतरली तर काय करावे हे रुग्णांना शिकवण्यात माझा दिवस जातो. मात्र आमच्याकडे हे काम करणारी मी एकटीच असल्यामुळे स्वतःला काही अडले तर विचारायला कोणी नसते. आमच्या भागात असे काम करणारे आणखी काही जण आहेत. पूर्वी त्यांचा एक गट सुरूही झाला होता, परंतु काही व्याख्याने झाली आणि तो बंद पडला. नव्याने गट उभा करायचा असेल तर सुरुवात कशी करावी?

उत्तर : आधीच्या गटाबद्दल आपण जे लिहिले आहे, त्यातच निम्मे उत्तर आहे. व्याख्यानाला माणसे पहिल्यांदा उत्सुकतेने येतात, दुसऱ्यांदा ओळखीखातर येतात आणि पुढे कामाचा व्याप वाढला की येईनाशी होतात, कारण व्याख्यानातली माहिती त्यांना अन्यत्रही मिळू शकते. अन्यत्र मिळत नाही ते आपल्या कामात अडलेल्या गोष्टीवर तेच काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाचे मत. म्हणून बैठकीचा गाभा रुग्णचर्चा हाच असावा, असे माझे ठाम मत आहे. व्याख्यान अधूनमधून जरूर ठेवावे, पण तेही चर्चेतून निघालेल्या प्रश्नावरच.

रुग्णचर्चेतून काय हाती लागते, हे एका उदाहरणाने सांगतो. आमच्या गटात एका परिचारिकेने अशा रुग्णाची हकिकत मांडली, की ज्याचा इन्सुलिनचा डोस वाढवत नेला तरी शुगर आटोक्यात येत नव्हती. तो पथ्य पाळत होता आणि एकही डोस चुकवत नव्हता. तेव्हा एका सदस्याने एवढेच विचारले, ‘त्यांच्या पोटाला हात लावून पाहिलात का?’ पुढच्या भेटीत तिने रुग्णाला आडवे व्हायला सांगून बेंबीच्या दोन्ही बाजूंना बोटांनी चाचपले, तेव्हा तो रोज जिथे सुई टोचत होता नेमक्या तिथे त्वचेखाली चरबीची घट्ट गाठ लागली. तिला लायपोहायपरट्रॉफी म्हणतात. नुसत्या डोळ्यांनी ती पुष्कळदा दिसत नाही, आणि तिथे टोचलेले कमी दुखत असल्यामुळे रुग्ण पुन्हा पुन्हा तीच जागा निवडतो. अशा जागेतून इन्सुलिन कधी कमी तर कधी जास्त शोषले जाते. टोचण्याची जागा बदलायला हवी, हे बैठकीतल्या बहुतेकांना माहीत होते. परंतु निरोगी जागी तोच वाढवलेला डोस पूर्ण शोषला गेला तर शुगर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, म्हणून जागा बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलून डोसचा फेरविचार करून घ्यायला हवा, ही सूचना एका जुन्या, अनुभवी सदस्याने केली. एकट्याने काम करणाऱ्या शिक्षकाला यातला पहिला भाग कदाचित सुचला असता. दुसरा सुटून जाण्याचीच शक्यता अधिक होती, आणि त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागली असती.

तेव्हा सुरुवात पाच-सहा जणांवर करावी आणि महिन्यातला एक ठरावीक वार व वेळ धरावी. बैठक दीड तासापेक्षा लांबवू नये आणि एका वेळी दोनच रुग्णांवर बोलावे. हकिकत मांडणाऱ्याने एक पान लिहून आणावे : मधुमेहाचा प्रकार, चालू उपचार, आतापर्यंत काय शिकवले आणि नेमके कुठे अडले. शेवटी एकच स्पष्ट प्रश्न असावा. रुग्णाचे नाव, छायाचित्र, नोंदणी क्रमांक किंवा त्याची ओळख पटेल असा कोणताही तपशील त्या पानावर येता कामा नये. हा नियम पहिल्या बैठकीतच लेखी करून घ्यावा, कारण गट वाढल्यावर तो लागू करणे अवघड जाते.

कोणाला बोलवावे? ज्यांच्या पदनामात ‘शिक्षक’ हा शब्द आहे तेवढ्यांनाच बोलावले तर गट अपुरा राहील. परिचारिका, आहारतज्ज्ञ, पायांची काळजी घेणारे, समुपदेशक आणि विशेषतः फार्मासिस्ट यांना आवर्जून घ्यावे. जिथे प्रति मिलिलिटर ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही तीव्रतेचे इन्सुलिन वापरात आहे, तिथे कुपी एका तीव्रतेची आणि सिरिंज दुसरीची, अशी गफलत होऊ शकते. १०० युनिटची कुपी असताना ४० युनिटच्या सिरिंजने नेहमीच्या खुणेपर्यंत इन्सुलिन भरले तर रुग्णाच्या शरीरात अडीचपट डोस जातो. ही गफलत सर्वांत आधी फार्मासिस्टच्या लक्षात येऊ शकते, कारण दोन्ही वस्तू त्याच्याच हातून जातात. डॉक्टरांना मात्र सुरुवातीला पाहुणे म्हणून बोलवावे. ते अध्यक्षस्थानी असले की बाकीचे आपल्या शंका बोलून दाखवायला कचरतात, हे मी वारंवार पाहिले आहे.

गटाचा आणखी एक मोठा उपयोग फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. रुग्ण एका दवाखान्यातून दुसरीकडे जातो, तेव्हा त्याला ठिकठिकाणी वेगवेगळे सांगितले जाते आणि त्याचा सर्वांवरचाच विश्वास उडतो. इन्सुलिनच्या साठवणुकीचेच पाहा. न वापरलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावे, ते गोठू देऊ नये, आणि गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरू नये. वापरात असलेले पेन सामान्य तापमानाला ठेवता येते. बहुतेक इन्सुलिनांसाठी ही मुदत सुमारे २८ दिवसांची असते, पण काहींची वेगळी असल्यामुळे वेष्टनावरची सूचना पाहावीच लागते. एवढी साधी गोष्ट गटातील सर्वांनी एकाच शब्दांत सांगितली तरी रुग्णाचा गोंधळ पुष्कळ कमी होतो. म्हणून अशा विषयांवर गटाने मिळून एकेक पानाची पत्रके तयार करावीत आणि त्यांवर तारीख घालून ती वर्षाकाठी तपासावीत.

विषयांची आखणी करताना अमेरिकेतील मधुमेह शिक्षकांच्या संघटनेने मांडलेल्या सात स्व-काळजीच्या सवयी हाताशी ठेवाव्यात. १९७३ साली स्थापन झालेली ही संघटना २०२० पासून ‘असोसिएशन ऑफ डायबिटीस केअर अँड एज्युकेशन स्पेशालिस्ट्स’ या नावाने ओळखली जाते. आजाराशी मनाने जुळवून घेणे, योग्य आहार, हालचाल, औषधे, तपासणी, धोके कमी करणे आणि अडचणी सोडवणे अशा त्या सवयी आहेत. पहिल्या सवयीला आपल्या बैठकांत फारच कमी वेळ मिळतो. ‘मला आता याचा कंटाळा आला आहे’ असे म्हणणाऱ्या रुग्णाशी कसे बोलावे, यावर एक पूर्ण बैठक द्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

पैशांविषयी थोडक्यात. इन्सुलिन किंवा ग्लुकोमीटर बनवणारी कंपनी जागा आणि चहापाणी द्यायला तयार होईल, पण ते स्वीकारू नये, कारण बैठकीचा विषय हळूहळू त्यांच्याच उत्पादनाकडे वळतो. एखाद्या रुग्णालयाची रिकामी खोली आणि सदस्यांची किरकोळ वर्गणी एवढ्यावर काम भागते. व्हॉट्सअ‍ॅपचा गट केवळ बैठकीच्या निरोपांसाठी आणि पत्रकांसाठी असावा. डोसविषयीचे सल्ले तिथे देऊ नयेत.

प्रश्न : आमचा गट सुरू झाला आहे, पण सदस्य एकमेकांशी स्पर्धा असलेल्या संस्थांत काम करतात. आमच्या व्यवस्थापनाला वाटते, की यामुळे रुग्ण दुसरीकडे जातील. त्यांना काय सांगावे?

उत्तर : त्यांची शंका रास्त मानून तिला लेखी उत्तर द्यावे. कोणीही दुसऱ्याच्या रुग्णाला आपल्याकडे बोलवायचे नाही, आणि संस्थेचे दर, करार किंवा अंतर्गत बाबी बैठकीत काढायच्या नाहीत, असे दोन नियम सर्व सदस्यांच्या सह्यांनिशी व्यवस्थापनाला दाखवावेत.

त्यासोबत संस्थेचा फायदाही मांडावा. मधुमेह शिक्षणाची गरज चार वेळांना विशेष असते, असे अमेरिकेतील मधुमेहविषयक संघटनांच्या संयुक्त निवेदनात म्हटले आहे : निदान झाल्यावर, दरवर्षी किंवा उद्दिष्टे गाठली जात नसताना, गुंतागुंत उद्भवल्यावर, आणि आयुष्यात किंवा उपचारांत मोठा बदल होताना. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी डॉक्टर रुग्णाला केवळ पहिल्या वेळी शिक्षकाकडे पाठवतात. उरलेल्या तीन वेळी आपल्याच संस्थेतील किती रुग्ण शिक्षकापर्यंत पोहोचले, हे गेल्या काही महिन्यांच्या नोंदींवरून काढून ते आकडे व्यवस्थापनापुढे ठेवावेत, आणि अशा रुग्णांना पाठवण्याची चिठ्ठी कशी असावी याचा गटात तयार झालेला नमुना त्याच भेटीत त्यांच्या हाती द्यावा.