एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आणि गाडी लावायला राखीव जागा, हा बाकीच्यांवर अन्याय नाही का?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा भागातला. डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला, दिव्यांग कार्डावर ५५ टक्के अपंगत्व, म्हणजे पिवळ्या पट्टीचं कार्ड. तुम्ही ज्यांच्याबद्दल विचारता त्यांच्यातलाच, हे आधीच सांगून टाकतो.

मागे एकदा आई, बायको आणि मी फाट्यावरून यवतमाळला निघालो. आईला पंचाहत्तर पूर्ण झालेली, ऑगस्ट २०२२ पासून तिला तिकीट नाही. बायकोला मार्च २०२३ पासून अर्धं. मला पाव. एकाच सीटवर तीन भाव. मागून एक जण बोलला, "पुरं घर सरकारच्या तिकिटावर फिरून रायलं बाप्पा!" गाडीत हशा झाला. मलाही हसू आलं, राग नाही आला. त्याच्या खिशातून पूर्ण तिकिटाचे पैसे गेले होते, आणि ते तिकीटही २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्क्यांनी वाढलेलं. मजूर माणूस, टोचणारच.

पण माझी सवलत त्याच्या तिकिटात मिळवलेली नसते. ती रक्कम राज्य सरकार महामंडळाला भरून देतं. म्हणजे पैसा सगळ्यांच्या करातून जातो, आणि साबणाच्या वडीवर मीही कर भरतोच. त्याचं तिकीट महाग असेल (आहेच) तर ते स्वस्त करा म्हणून त्यानं भांडावं, मी सोबत येतो. माझं पूर्ण केल्यानं त्याचं एक रुपयानं कमी होणार नाही.

आता माझा हिशोब बघा. एसटीचा भाडं मोजायचा टप्पा सहा किलोमीटरचा, २०२५ च्या दरवाढीनंतर साध्या गाडीला टप्प्यामागे १०.०५ रुपये. तीस किलोमीटर म्हणजे पाच टप्पे, पन्नासच्या आसपास. मला बारा-तेरा पडतात, सदतीस-अडतीस वाचले. पण गावापासून फाटा साडेतीन किलोमीटर. तुम्ही पायी निघाल नाहीतर कोणाच्या गाडीवर मागं बसाल. मला ऑटो लागतो, तोही स्पेशल, कारण कुबडी आणि कॅलिपरचा (आधाराच्या पट्ट्या बांधलेला) पाय मिळून दोन माणसांची जागा जाते. त्याचे ऐंशी. यायचे पुन्हा ऐंशी. सोबत बायको आली तर कापूस वेचाईच्या दिवसांत तिची रोजी बुडाली ती वेगळी. सोबत्याला अर्धं तिकीट मिळतं, पण अपंगत्व ६५ टक्के किंवा जास्त असेल तर. मी ५५ वर अडकलेलो. बायको येते तेव्हा फरक पडत नाही, ती बाई म्हणून अर्ध्यातच बसते. भाऊ आला की पूर्ण.

चढण्याचंही सांगतो, कारण बघणाऱ्याला तेवढं एक मिनिटच दिसतं. फाट्यावर गाडी डांबरावर उभी राहते आणि मी खाली साइडपट्टीवर, म्हणजे आधीच उंच असलेली पहिली पायरी आणखी वीतभर वर गेलेली. कुबडी आधी आत सरकवायची, दांडा धरायचा, उजवा पाय वर, मग पँटीला धरून डावा पाय ओढून घ्यायचा. पावसाळ्यात कुबडीचं रबर काळ्या मातीत रुततं. जोर लावून ओढलं की रबर चिखलात राहतं आणि नुसती काठी हातात येते. मग गाडी थांबवून कोणीतरी ते उकरून देतं. माणसं चांगली आहेत, देतात. पण रबरासाठी अख्खी गाडी थांबवायची म्हणजे मान खाली जाते.

रेल्वेची सवलत म्हणाल तर आमच्या दारव्ह्यावरून शकुंतला नावाची रेल्वेगाडी जायची, मूर्तिजापूर ते यवतमाळ. ती बंद पडली. गाडीच नाही तर ७५ टक्के कशाचे? ज्या गावात एसटी जात नाही त्या गावच्या दिव्यांगाचंही तेच.

पार्किंगचं म्हणाल तर परदेशात काचेला लावायचा परवाना असतो, तसा आमच्या तालुक्यात मी तरी कोणाच्या गाडीला पाहिला नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ४१ व्या कलमात बसथांबे, रेल्वे स्टेशन आणि विमानतळावरची पार्किंगची जागा, संडास आणि तिकीट खिडकी एका ओळीत लिहिली आहेत, म्हणजे तुमच्या प्रश्नाचे दोन्ही भाग कायद्यानं आधीच एकत्र बांधलेत. २०२० पासून गाडीच्या आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, मालकाच्या प्रकारात 'दिव्यांगजन' अशी नोंदही होते. कागद चांगले आहेत.

माझी स्कूटी बाजूला दोन चाकं लावलेली. एका सरकारी कचेरीत व्हीलचेअरचं चित्र काढलेली एक जागा आहे, पायऱ्यांना लागून. मी गेलो तेव्हा तिथं चारचाकी उभी होती. चौकीदार म्हणाला, "भाऊ, तिकडं लिंबाखाली लावा ना, सावली हाय." सावली होती. लिंबापासून पायऱ्या माझी सत्तर पावलं. परत येऊन बघतो तर स्कूटीला खेटून कोणीतरी मोटरसायकल लावलेली. कुबडी घेऊन मधे शिरता येईना, की चढता येईना. अर्धा तास त्या मालकाची वाट बघत उभा होतो. राखीव जागा मागतो ती दाराजवळची म्हणून नाही फक्त, बाजूला रुंदी मिळते म्हणून.

खोटी सर्टिफिकेटं आहेत का? आहेत. आमच्याच भागात एक बहिरा आहे, त्याला फोनवर कापसाचा भाव बरोबर ऐकू येतो. दुसऱ्या कानानं ऐकत असेल, मी डॉक्टर नाही. तपासणी करा, माझं कार्ड रोज तपासा. पण नुसतं बघून ठरवू नका. त्याच कायद्यातल्या अपंगत्वाच्या २१ प्रकारांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, आणि आपल्या विदर्भात तो किती घरांत आहे ते वेगळं सांगायला नको. राखीव सीटवर धडधाकट दिसणारी पोरगी बसली की लोक तिला उठवतात. मीही एकदा उठवलं होतं. ती काही न बोलता उठली आणि दांड्याला धरून उभी राहिली. तिच्या आईनं मागून सांगितलं तेव्हा कळलं. मग ती सीट आम्ही दोघांनी यवतमाळपर्यंत वाटून घेतली.

तेव्हा माझं उत्तर, अन्याय नाही. अपुरं आहे, आणि भलत्या ठिकाणी मोजलेलं आहे. आणि बाजारात गाडी लावताना बाजूला चाकं लावलेली स्कूटी दिसली तर तिच्या उजव्या अंगाला हातभर जागा सोडा, माझा चांगला पाय त्या बाजूचा आहे.